गोठ्यातला लिलाव: गुरं गेली, पैसे आलेच नाहीत

यंदा ज्यांना घर हलवायचं आहे आणि त्याआधी गुरं, अवजारं विकायची आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमचे 6,40,000 रुपये बुडाले. पद्धत इतकी बेतीव होती की ती दुसऱ्या कुणावर वापरली जाणारच, याची मला खात्री आहे.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत. सासऱ्यांचे गुडघे गेले आणि यजमानांची नोकरी पुण्याला, त्यामुळे पावसाआधी सगळ्यांनीच तिकडे जायचं ठरलं. गोठ्यात सात संकरित जर्सी गाई, दोन मुऱ्हा म्हशी आणि दोन कालवडी होत्या. शिवाय दूध काढायचं मशीन, कडबाकुट्टी, पॉवर टिलर, दुधाचे कॅन आणि सोसायटीत दूध न्यायची पिकअप. गिऱ्हाईक मिळेल तसं एकेक विकावं असा आमचा विचार होता.

पेंडीच्या दुकानात ओळख झालेला एक दलाल तेव्हाच घरी आला. म्हणाला, "वहिनी, सुटं सुटं विकाल तर चांगल्या गाई आधी जातील आणि भाकड तुमच्याच गळ्यात राहतील. एका दिवसात लिलाव करू. गिऱ्हाईक मी आणतो, मला शेकडा दोन द्या." बोलणं पटण्यासारखंच होतं. त्याने कास चाचपली, दात बघितले, कुठली गाय कितव्या वेताची हे बरोबर सांगितलं. माणूस धंद्यातलाच होता, आणि धोका नेमका तिथेच असतो.

लिलावाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले दूधवाले आले, तसेच त्याने आणलेले चार अनोळखी व्यापारीही. हे चौघे एकमेकांशी बोलतही नव्हते. मात्र दोघे एकाच जीपमधून उतरल्याचं शेजारच्या मुलाने पाहिलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. बारा लिटरच्या गाईला आमच्याकडे पंचावन्न हजार मिळाले असते. शेजारच्या वाड्यावरच्या दूधवाल्याने अठ्ठावन्नपर्यंत बोली नेली, त्याच्याकडे रोख तयार होती. चौघांतल्या एकाने थेट अडुसष्ट म्हटलं. एक वार, दोन वार, तीन वार. पुढच्या गाईला तेच, म्हशींनाही तेच. दुपारपर्यंत गावचे लोक कंटाळून निघून गेले. पैसे द्यायचेच नसतील तर माणूस कितीही बोली लावू शकतो. चढा भाव हाच त्यांचा सापळा होता. त्या भावाने खरी गिऱ्हाइकं अंगणातून हुसकली गेली आणि संध्याकाळी आमच्यासमोर फक्त त्यांचीच माणसं उरली.

एकूण 6,80,000 झाले. इसार म्हणून 40,000 रोख हातावर ठेवले, 1,50,000 चा चेक दिला आणि उरलेले 4,90,000 एनईएफटीने, म्हणजे बँकेतून थेट खात्यात, पाठवले म्हणून मोबाईलवर पावती दाखवली. हिरवी खूण, बँकेचं चिन्ह, सासऱ्यांचं नाव अगदी बरोबर. खात्यात काहीच दिसत नव्हतं, तर दलाल म्हणाला, "आज चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी सकाळी पडतील." टेम्पो दारात चालू करून ठेवलेले. "चोर्ला घाट रात्री उशिरा चढायला लागला तर गुरांचे हाल होतील," हे तो परत परत सांगत राहिला. गुरांवर जीव असलेल्या माणसाला हीच भाषा लागू पडते, हे त्याला ठाऊक होतं. मोठी म्हैस फळीवर पाय ठेवेना. शेवटी सासऱ्यांनीच मूठभर पेंड पुढे धरली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला चढवलं. त्या म्हशीचं दूध ते स्वतःच काढायचे. ते आजही तिच्याबद्दल बोलत नाहीत.

सोमवारी काहीच आलं नाही. बँकेतल्या बाईंनी पावतीचा फोटो बघताक्षणी सांगितलं की ही खोटी आहे. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, 16 अक्षरांचा असतो आणि आरटीजीएसचा (मोठ्या रकमा पाठवायची पद्धत) 22. त्या पावतीवर बाराच आकडे होते. आणि सुट्टीचं कारण तर साफ खोटं. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला हिशोब होतो आणि त्यानंतर दोन तासांच्या आत पैसे खात्यात पडायला हवेत. आरटीजीएसही डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू आहे. बँक बंद आहे म्हणून पैसे अडकले, असं कुणी म्हणालं तर गुरांचं दावं हातातून सोडू नका. पैसे आले की नाही ते आपल्या पासबुकात किंवा आपल्याच मोबाईलवर बघा, समोरच्याच्या मोबाईलवर नाही.

चेकही परत आला, शेरा 'खाते बंद'. खातं बंद असलं तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं चेक न वटण्याचं कलम 138 लागतं. मात्र मुदती कडक आहेत: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, पैसे भरायला 15 दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. आम्ही वकिलाकरवी नोटीस पाठवली. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार दिली. दलालाचा फोन त्या शनिवारपासून बंद आहे.

तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडले ते गुरांच्या कानातले पिवळे बिल्ले. सासऱ्यांनी प्रत्येक जनावराचा बारा आकडी क्रमांक दुधाच्या वहीत लिहून ठेवला होता. तुम्हीही लिलावाआधी प्रत्येक क्रमांकाचा आणि जनावराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. त्या क्रमांकावरूनच एका कालवडीचा पत्ता घाटापलीकडच्या गावात लागला. तिथल्या शेतकऱ्याने ती रोख पैसे देऊन घेतली होती, त्याच्याकडे चिठ्ठीही आहे. आता तो बिचाराही आमच्यासारखाच पोलिसांच्या चकरा मारतो आहे.

पिकअपचं प्रकरण मात्र अजून आमची झोप उडवतं आहे. गाडी त्यांच्याकडे आणि कागद सासऱ्यांच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, मग गाडी प्रत्यक्षात विकलेली का असेना. म्हणून वाहतूक खात्यात अर्ज दिला, पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडली आणि पोचपावती घेतली. गाडी विकणाऱ्याने पैसे खात्यात दिसल्यावरच मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करावी, आणि किल्ली त्यानंतरच द्यावी.

दूध काढायचं मशीन त्यांनी नेलं, पण पाण्याचा पंप लिलावात काढला नव्हता. तो शेजारच्या वाड्यावरच्या त्याच दूधवाल्याने घेतला, नोटा मोजून. आमच्या दोन गाई तो त्या दिवशी घ्यायला आला होता. बोली सोडून जाताना तो सासऱ्यांना म्हणाला होता, "काका, हा भाव खरा वाटत नाही." ज्यांच्या दारात असा लिलाव होणार असेल, त्यांनी गावच्या दूधवाल्यांना आणि सोसायटीतल्या माणसांना शेवटपर्यंत थांबवून घ्यावं, आणि सगळ्यात वरच्या बोलीचे पैसे खात्यात आले नाहीत तर जनावर त्याखालच्या बोलीला द्यायचं, हे लिलाव सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगून टाकावं.