९८ व्होल्टची बॅटरी आणि नानांचे पैसे

मंडळी, फोनवरच्या जाहिरातीतून स्वस्त टूल मागवून आम्ही कसे फसलो, हे दोन महिन्यांपूर्वीच लिहायचं होतं पण आमच्यातले नाना नको म्हणाले होते. परवा स्वतःच म्हणाले, लिही बाबा, माझं नाव नको घालूस पण लिही, नाहीतर अजून कुणीतरी जाईल याच वाटेनं. म्हणून लिहितोय. लांबेल जरा, पण घरात ड्रिल-ग्राइंडरची आवड असलेलं कुणी असेल तर त्यांना आवर्जून वाचायला द्या.

आम्ही पुण्यातले चार-पाच हौशी लोक. कुणी लाकूडकाम करतं, एकजण जुन्या स्कूटर खोलून बसतो, मी पार्किंगच्या कोपऱ्यात स्टूल, शेल्फ असलं काहीबाही करतो. रविवारी सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारायची, तिथून नानांच्या शेडमध्ये चहाला, आणि त्या आठवड्यात ज्यानं जे घेतलं ते टेबलावर मांडायचं असा आमचा नेम आहे. कधी बिडाचा जुना व्हाइस, कधी गंजलेला रंधा ज्याचं पातं अजून शाबूत आहे, कधी बोहरी आळीतून, म्हणजे पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारातून आणलेला नवा पान्ह्यांचा सेट. प्रत्येकजण हातात घेऊन बघतो, केवढ्याला पडलं विचारतो, कुठून घेतलंस विचारतो. आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता तास आहे हा. नाना आमच्यात सगळ्यात मोठे, भोसरीला एका कारखान्यात फिटर होते, तीस-बत्तीस वर्षं काढली. त्यांच्या कानशी अजून ज्या त्या मापाच्या खणात असतात आणि टूलला ते अजूनही हत्यारच म्हणतात.

तर झालं असं की फोनवर मला एक जाहिरात दिसली. कॉर्डलेस ड्रिल, ग्राइंडर आणि नट-बोल्ट फिरवणारा इम्पॅक्ट रेंच, तिन्ही मिळून ३,९९९, सोबत दोन बॅटऱ्या, गोडाऊन खाली करतोय म्हणून शेवटचे दोन दिवस. व्हिडिओत एक माणूस ग्राइंडरनं सळई कापतोय, मागे खोक्यांची भिंत. मशीनचा रंग आणि अक्षरांची ठेवण एका नावाजलेल्या कंपनीसारखीच. मला संशय आला नाही असं नाही. पण कॅश ऑन डिलिव्हरी होतं, म्हटलं पैसे तर वस्तू आल्यावर द्यायचेत, जाऊन जाऊन काय जाणार. इथेच चुकलो मी. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे खोकं हातात येतं आणि पैसे द्यावे लागतात, खोकं उघडून बघायला तो कुरिअरवाला थांबत नाही, आणि एकदा पैसे दिले की त्याचा तुमचा संबंध संपला.

माल आला. आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी छान चालला. सागाच्या फळीत दहा-बारा भोकं पाडली, जोर वाटला हाताला. बॅटरीवर मोठ्या अक्षरात ९८ व्होल्ट लिहिलेलं. रविवारी मी तो सेट घेऊन नानांकडे गेलो, टेबलावर मांडला आणि भाव सांगितला, सगळे बघतच राहिले. नानांनी ड्रिलचा चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, दोन बोटांत धरून हलवून बघितला, म्हणाले थोडा खेळ आहे रे याच्यात, पण एवढ्या पैशात ठीकच म्हणायचं. मला लगेच म्हणायला हवं होतं की अजून वापरून बघतोय, महिनाभर थांबा. मी उलट लिंक पाठवली. संध्याकाळपर्यंत दोघांनी ऑर्डर टाकली होती, त्यातले एक नाना.

आठव्या दिवशी माझी पहिली बॅटरी बंद पडली. दुसरी चार्ज करून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला तर २०.६ व्होल्ट. मग स्क्रू काढून पहिली उघडली. आत दहा सेल बसतील एवढी जागा, सेल फक्त पाच, आणि उरलेल्या जागेत काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली लोखंडी पट्टी, बॅटरी हाताला जड लागावी म्हणून घातलेली. सेलवरचं निळं प्लास्टिक कोपऱ्यात फाटलं होतं, ते सोललं तर खाली दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक निघालं, म्हणजे कुठल्यातरी जुन्या बॅटरीतून काढलेले सेल नवे कपडे घालून बसवलेले. सेल-सेलमधला चार्ज सारखा ठेवणारं सर्किट नाहीच. असली बॅटरी रात्री चार्जिंगला लावून कृपा करून झोपू नका, लिथियमची आग काही विचारून लागत नाही.

आता हे गणित सगळ्यांनी डोक्यात ठेवा. या टूलमधला लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट, फुल चार्जला २१. चांगल्या कंपन्या यालाच १८ लिहितात, काहीजण २० मॅक्स किंवा २१ लिहितात, तिथपर्यंत ठीक आहे. ९८ व्होल्ट खरोखर हवे असतील तर साधारण २७ सेल ओळीनं जोडावे लागतील, तेवढे त्या डबीत मावणारच नाहीत. बाजारात ४८, ८८, ९८, १६८ असले आकडे आणि पुढे व्हीएफ असं लिहिलेल्या बॅटऱ्या सर्रास दिसतात, त्या आकड्याचा व्होल्टशी काही संबंध नाही. आणि बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा मार्क, आयएस १६०४६ आणि आर नं सुरू होणारा नंबर असतो तो बघा, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा आहे का ते कळतं. माझ्या बॅटरीवर यातलं काहीच नव्हतं, आणि मी बघितलंही नव्हतं.

ग्राइंडरचं तर सांगतानाही अंगावर काटा येतो. सोबत आलेल्या डिस्कवर कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, छापलेलाच नव्हता. चार इंची चांगल्या डिस्कवर १५,२०० किंवा १५,३०० छापलेलं असतं, म्हणजे तिची कड सेकंदाला ८० मीटर वेगानं फिरली तरी टिकेल अशी हमी असते, ताशी २८८ किलोमीटर होतात ते. आमच्या ज्या दुसऱ्या मित्रानं हाच सेट मागवला त्याची डिस्क लोखंडी अँगल कापताना फुटली, डिस्कवरच्या कवचाचा, म्हणजे गार्डचा क्लॅम्प सैल होऊन गार्ड फिरलेला होता, आणि तुकडा त्याच्या खांद्यावरून मागच्या पत्र्यात घुसला. डोळ्यावर गॉगल होता आणि देवाची कृपा, दुसरं काय म्हणू.

त्याच रात्री मी बिल काढून नीट वाचलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा. २७ हा महाराष्ट्राचा कोड आहे, दिल्लीचा ०७. शिवाय नंबर १५ अक्षरी लागतो, मी बोट ठेवून तीनदा मोजला, चौदाच भरली. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच. हे सगळं ऑर्डर टाकायच्या आधी विचारता आलं असतं, जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं.

आणि आता नानांचं. नानांना ॲडव्हान्स भरलं तर ४०० सूट असं दाखवलं, म्हणून त्यांनी आधीच ३,५९९ यूपीआयनं भरले. त्यांच्या खोक्यात मशीन आलंच नाही. एक हलका स्क्रू ड्रायव्हर सेट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी फरशी. मला फोन करायचा सोडून त्यांनी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, माणूस मराठीतच बोलला, अगदी काका-काका करत, रिफंड लगेच होईल पण एक ॲप टाका म्हणाला. ते ॲप स्क्रीन शेअर करणारं होतं. मग म्हणाला रिफंड कन्फर्म करायला पिन टाका. एकदा टाकला, एरर आली म्हणाला, परत टाकला. १८,००० आणि २३,५००. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीही, कधीही टाकावा लागत नाही. पिन म्हणजे पैसे जाणार. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधायचा नाही, बिलावरून किंवा कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्यायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे नानांनी तीन दिवस कुणाला काही सांगितलं नाही, सुनेला नाही, मला नाही. चौथ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर ते व्हाइसमध्ये एक पट्टी लावून नुसतीच घासत बसले होते, मी विचारलं काय करताय तर म्हणाले काही नाही रे. मग हळूच सांगितलं. मी म्हटलं नाना माझ्यामुळे झालं हे, तर म्हणाले, तू थोडंच मुद्दाम केलंस, पोरा. मला ते ऐकवेना. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, बँकेत जाऊन लेखी दिलं. चार दिवसांत पैसे दोन-तीन खात्यांतून पुढे गेलेले, फक्त ६,००० रोखले गेले. पहिल्या तासात फोन केला असता तर बँकेला पुढचं खातं गोठवायला संधी असते. म्हणून हात जोडून सांगतो, असं काही झालं तर लाज बाळगू नका, घरी सांगायच्याही आधी १९३० लावा. नुसती खराब वस्तू आली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, माझ्या सेटची तक्रार मी तिथे केलीय.

आता मी टूल बोहरी आळीतूनच आणतो. दुकानदार खोकं फोडून मशीन लावून दाखवतो, वॉरंटी कार्डावर शिक्का मारतो, चार पैसे जास्त जातात ते जाऊ देत. खात्रीच्या कंपनीची नुसती सुटी बॅटरी घ्यायची तरी काही हजार लागतात, दोन बॅटऱ्यांसकट तीन मशीन ३,९९९ ला कुठून येणार होती. आमच्या रविवारच्या टेबलावरही आता असं ठरलंय की नवीन आणलेलं दाखवायचं, पण महिनाभर वापरल्याशिवाय दुसऱ्याला दुकान किंवा लिंक द्यायची नाही.

नानांचा जबाब पुढच्या बुधवारी आहे, मी सोबत जातोय. ऑपरेशनचे पैसे आम्ही चौघांनी मिळून जमवले, ते घ्यायला तयार नव्हते, सुनेनं समजावलं तेव्हा घेतले.

काल रात्री ती जाहिरात मला परत दिसली. पेजचं नाव बदललंय, भाव आता ३,४९९ आहे. व्हिडिओ तोच आहे, सळई कापणारा माणूस, त्याच्या मागे खोक्यांची भिंत आणि उजव्या कोपऱ्यात नारिंगी प्लास्टिकचं स्टूल, ज्याचा एक पाय तारेनं बांधलाय. दिसली तर तिथल्या तिथे रिपोर्ट करा.