घर बांधताय? लेबर रेट, मटेरियलसह की आयटम रेट: कोणत्या करारात कोणता धोका

ठेकेदाराचा पहिला प्रश्न असतो, "मजुरीवर द्यायचं की मटेरियलसह?" बहुतेक मालक चौरस फुटाचा दर बघून उत्तर देतात. पण उद्या वाद झाला तर कोणाला काय सिद्ध करावं लागेल, तेही याच उत्तराने ठरतं.

लेबर रेट. माल तुमचा, मजुरी त्याची. स्वतंत्र एकट्या घराच्या नव्या बांधकामाच्या निव्वळ मजुरीवर जीएसटी माफ आहे, मटेरियलसह ठेक्यावर तो १८ टक्के. (सिमेंट-सळई घेताना कर तुम्ही भरताच, त्यामुळे सगळे १८ टक्के वाचत नाहीत.) धोका दोषाच्या जबाबदारीत आहे. स्लॅब गळला की ठेकेदार सिमेंटकडे बोट दाखवतो आणि तुम्ही त्याच्या कामाकडे. म्हणून प्रत्येक स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे १५० मि.मी.चे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरून घ्या, २८ दिवसांनी त्यांची ताकद प्रयोगशाळेत तपासा आणि सिमेंटच्या पावत्या जपा. माल उशिरा आला तर मुदतवाढीचा हक्क त्याला मिळतो, हेही धरून चाला.

मटेरियलसह. सगळी जबाबदारी एकाची, म्हणून हा प्रकार सर्वांत सुरक्षित वाटतो. आमच्या मते सर्वांत जास्त काळजीने लिहावा लागणारा करार हाच. पहिलं भांडण "चौरस फूट म्हणजे कुठला?" यावर होतं. बाल्कनी, जिना, छज्जा यांचे १५० चौ. फूट धरायचे की नाही हे लिहिलं नसेल, तर १,८०० रुपयांच्या दराने २ लाख ७० हजारांचा फरक पडतो. दुसरं भांडण मालाच्या वर्णनावर. "चांगल्या प्रतीच्या टाइल्स" या शब्दांवर काहीच वसूल होत नाही. माप, प्रकार आणि खरेदीदराची मर्यादा लिहा. सळई असेल तर तिची ग्रेड, जसं एफई ५००डी; काँक्रीट असेल तर त्याची ताकदीची ग्रेड, एम२० की एम२५.

तिसरा घोळ हप्त्यांचा. प्लिंथ (जोतं) आणि स्लॅबला मोठे हप्ते गेले की गिलावा, प्लंबिंग, रंग ही कष्टाची कामं उरतात आणि ठेकेदाराला काम पूर्ण करण्याचं कारण उरत नाही. हप्ता नेहमी झालेल्या कामाच्या थोडा मागे ठेवा. प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडा.

आयटम रेट. प्रत्येक कामाचा दर वेगळा, पैसे मोजणीप्रमाणे. मोजणीपुस्तकात दोघांच्या सह्या हव्यात, आणि सळई बांधल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वीच मोजायला हवी. सळईचं मीटरमागे वजन म्हणजे मि.मी.मधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, १२ मि.मी.ची ०.८९ किलो. एकूण खर्च आधी कळत नाही, आणि ठेकेदाराशी संबंध नसलेला इंजिनिअर लागतो. पण नकाशात बदल होणारच असतील, तर वाद इथे सर्वांत कमी होतात.

तिन्हींत सारखे लागू होणारे नियम भारतीय करार कायदा, १८७२ मधले. कलम ५५: मुदत उलटल्यावर काम निमूट स्वीकारलं तर उशिराची भरपाई मागता येत नाही; स्वीकारतानाच लेखी नोटीस द्या. कलम ७४: "दिवसाला २,००० दंड" लिहिला तरी तो आपोआप पूर्ण मिळत नाही, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. म्हणून तो आकडा कशावरून आला, उदाहरणार्थ सध्याचं घरभाडं, तेही करारात नोंदवा. कलम ७०: तोंडी सांगितलेलं जादा काम तुम्ही वापरलंत, तर लेखी नसलं तरी ठेकेदार त्याचे पैसे मागू शकतो. तेव्हा जादा काम सुरू होण्याआधीच दर ठरवून सही घ्या.

महाराष्ट्रात करार पुरेशा मुद्रांकावर नसेल, तर तूट आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही. लवादाचं (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याचं) कलम असेल तर एकमेव लवाद एकाच पक्षाने नेमायचा, असं लिहू नका. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तशी नेमणूक टिकत नाही.

तुम्ही साइटवर रोज असाल आणि माल स्वतः तपासू शकत असाल, तर लेबर रेट. मुंबईत राहून गावाकडे बांधत असाल, तर मटेरियलसह, पण प्रत्येक हप्त्याआधी तपासणी करणारा स्वतंत्र इंजिनिअर ठेवूनच.