कोणता बदल सांगावा: देश सोडल्याचा की ओपीडीतला?

भाची पुण्यात बीडीएस झाली. अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगसाठी, म्हणजे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टना वरच्या वर्षात मिळणाऱ्या प्रवेशासाठी, कॅपिड या सामायिक अर्जाच्या पोर्टलमधून अर्ज केलाय. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मुलाखतीत बदलाशी कसं जुळवून घेतलंस असं विचारलं, तर घर सोडून इथे आले ते सांगू, की २०२० मधली, कोविडच्या काळातली ओपीडीतली इंटर्नशिप?"

मी म्हटलं, वेगळेपणाचं म्हणशील, तर या जागांसाठी आलेले बहुतेक जण देश बदलूनच आलेले असतात. तीच थंडी, तोच एकटेपणा. ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य आधीच ठाऊक. ओपीडीची गोष्ट मात्र तुझी एकटीची. तुषार उडतात म्हणून दातांवरचा थर काढणारं यंत्र, अल्ट्रासॉनिक स्केलर, बंद झालं आणि हाताने खरवडायचे हँड स्केलर हातात आले. एका पेशंटला दुप्पट वेळ, संध्याकाळी मनगट भरून यायचं. मग तू सिनियरला विचारून बोटाचा टेकू बदललास, अपॉइंटमेंटमधलं अंतर वाढवलंस.

खरा कस उलटप्रश्नात लागतो. "तू नेमकं काय बदललंस?" याला स्थलांतराच्या गोष्टीत "हळूहळू सवय झाली" एवढंच उरतं. ओपीडीत कृती दाखवता येते.

तयारीला मात्र ओपीडीच जड. स्केलिंगचा तपशील दोन मिनिटांत बसवायला आठ-दहा वेळा मोठ्याने बोलावं लागेल. घर सोडल्याचं आपसूक सुचतं.

ज्यांचा पेशंटवरचा अनुभव तोकडा आहे, किंवा देश बदलल्यावर ज्यांनी पूर्वी न केलेलं काम अंगावर घेतलं, त्यांनी स्थलांतर सांगावं, पण एकाच प्रसंगातून. तू ओपीडीच सांग.