फिफाचा ‘इलेव्हन प्लस किड्स’ वॉर्मअप : पोरांच्या कोचनी आणि पालकांनी नक्की बघावा असा

आमच्याकडे कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की बॉलला लाथ मारतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी या इथल्या टीमच्या मॅचेस बघून मोठी होतात, त्यात आपला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, मग काय, प्रत्येकाला फास्ट विंगर, म्हणजे कडेनं पळत हल्ला करणारा खेळाडू, व्हायचंय. आणि स्पीड पाहिजे म्हटलं की पालक लगेच पळताना मागं बांधायचं पॅराशूट, पायाला बांधायची वजनं, जमिनीवर अंथरून पावलं टाकायची लॅडर असलं काहीतरी ऑनलाइन मागवतात. माझं स्पष्ट मत आहे, दहा-बारा वर्षांच्या पोराला यातलं काहीही आधी लागत नाही. आधी नीट थांबता, वळता आणि उडी मारून खाली उतरता आलं पाहिजे. ते शिकवायला हा वॉर्मअप एक नंबर आहे आणि पैसे शून्य.

फुटबॉल खेळणाऱ्या साधारण ७ ते १३ वयाच्या पोरांसाठी हा बनवलाय, मोठ्यांचा इलेव्हन प्लस वेगळा. सात व्यायाम, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या, वीसेक मिनिटांत उरकतो. पळता पळता इशारा आला की थांबून एका पायावर तोल सांभाळणं, स्केटिंगसारख्या आडव्या उड्या, एका पायावर उभं राहणं, एका पायावरच्या उड्या, पुशअप, स्पायडरमॅन (हात-पाय टेकून चालणं) आणि शेवटी पडल्यावर अंग कसं गोल करून लोळायचं ते. शेवटचं मला सगळ्यात भारी वाटलं कारण लहान पोरं पडणारच, आणि पडताना हात ताठ टेकवला की मनगट जातं, हे कुणी शिकवतच नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक रिपब्लिकमधल्या जवळपास ३९०० पोरांवर याचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला, आणि हा वॉर्मअप करणाऱ्या टीममध्ये दुखापतींचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी निघालं. वीस मिनिटांत एवढं मिळत असेल तर ग्राउंडला दोन चकरा मारून उभ्या उभ्या पाय ताणायचा जुना वॉर्मअप कशाला धरून बसायचं?

पण कोचनी नुसती शिट्टी वाजवून मोबाईल बघत बसायचं नाही. खरी गोम इथंच आहे. उडीवरून उतरताना गुडघे आत जातायत का ते समोर उभं राहून बघायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे, आणि उतरल्याचा आवाज हलका पाहिजे, धप्प आवाज आला की पायरी वाढवायची नाही, आहे त्याच पायरीवर परत. पोरं पाचवी पायरी मागतात, द्यायची नाही. आठवड्यातून किमान दोनदा झाला तरच उपयोग आहे.

आमच्याकडची एक अडचण सांगतो. उन्हाळ्यात ग्राउंड दगडासारखं टणक होतं, तिथं लोळायचा व्यायाम नको, मॅट टाका नाहीतर गवताचा तुकडा शोधा.

आता स्पीडचं. हा वॉर्मअप म्हणजे स्पीड ट्रेनिंग नाही, ती अपेक्षा ठेवून घेऊ नका. आम्ही तो झाला की लगेच, पोरं ताजी असतानाच, १० ते २० मीटरच्या पाच-सहा स्प्रिंट घेतो, पूर्ण जोर लावून, आणि मधे चालत परत येऊन दम पूर्ण खाली बसेपर्यंत थांबतो. पालकांना वाटतं पोरं नुसती उभी आहेत, पैसे फुकट चालले. अहो, दमलेल्या पोराला पळवलं तर तो हळू पळायलाच शिकतो, आणि मांडीमागचा स्नायू तिथंच धरतो! प्रॅक्टिसच्या शेवटी शिक्षा म्हणून स्प्रिंट लावणारे कोच बघितले की जीव तुटतो.

आणखी एक, उंची. मुलींची साधारण १२ च्या आसपास आणि मुलांची १४ च्या आसपास झपकन वाढते, तेव्हा चांगला पळणारा पोरगा पण अडखळायला लागतो. त्याला आळशी म्हणू नका. दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून उंची मोजा, वाढ जोरात असेल तर उड्या कमी करा. टाचेत किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणाला तर वाढत्या वयात हाडाला जिथं स्नायूची दोरी चिकटते तिथं ताण येतो, बाम चोळून खेळवू नका. लंगडत असेल तर ग्राउंड बंद आणि आधी हाडांच्या डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा, मॅच फायनल असली तरी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण १३ च्या पुढच्या पोरांना हा पुरत नाही, त्यांना मोठ्यांचा इलेव्हन प्लस लावा, त्यात मांडीमागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे, जोडीदारानं घोटे धरायचे आणि गुडघ्यावरून हळूहळू पुढं झुकत जायचं. पहिल्या आठवड्यात तीन-चारच करा, दुसऱ्या दिवशी पाय चांगलेच भरून येतात.