नव्वद रुपये ग्रॅम

आमच्या मळ्यात ओढ्याच्या काठाला अर्जुनाची तीन झाडं आहेत. गावात त्यांना कोणी अर्जुन म्हणत नाही, सादडा म्हणतात. पांढुरकी गुळगुळीत साल, उन्हाळ्यात तिचे पापुद्रे सुटतात आणि आतलं गुलाबीसर अंग दिसतं. आजी होती तोवर कुणाच्या छातीत धडधडलं की दुधात ही साल उकळून द्यायची. याच झाडाच्या सालीचा भुगा मी पुण्यात नव्वद रुपये ग्रॅमने विकत घेतला. किलोचा हिशेब तुम्ही करू नका, मी केलाय. नव्वद हजार.

झालं असं. दिवाळीनंतर आप्पांना हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसला. चौथ्या महिन्यात तपासणीला त्यांना पुण्याला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी इको बघून सांगितलं, पंपिंग थोडं कमी आहे, गोळ्या नियमित घ्या, जिने जपून चढा. आम्ही दोघं बाहेर येऊन फाटकाशी रिक्षाची वाट बघत होतो. आप्पांच्या हातात फाईल, चेहरा उतरलेला. ‘पंपिंग कमी’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात बसले होते.

एक पस्तिशीतला माणूस जवळ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. “काका, स्टेंट का बायपास?”

विचारण्याची पद्धत इतकी घरची होती की आप्पांनी लगेच सगळं सांगितलं. मग त्यानं त्याच्या वडिलांचं सांगितलं. त्यांनाही दोन स्टेंट होते, डॉक्टर तिसरा सांगत होते, आता रोज तीन किलोमीटर चालतात. कशानं? “अर्जुनाच्या सालीनं, काका. दुसरं काही नाही.” हे ऐकून आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ‘तुझ्या आजीनं काय सांगितलं होतं’ असं म्हणायचंय.

इथे मी सावध व्हायला हवं होतं. पण त्या माणसानं दुकानाचं नावच घेतलं नाही. उलट म्हणाला, “औषध कुठून आणतो ते मला नेमकं ठाऊक नाही, वडिलांनाच विचारतो.” फोन लावला आणि सरळ आप्पांच्या हातात दिला. पलीकडचे ‘वडील’ दहा मिनिटं बोलले. आजारावर दोन मिनिटं, बाकी शेतीवर. किती एकर, पाणी कुठलं, यंदा उसाला तोड उशिरा आली म्हणून वजन कसं घटलं. फोन ठेवला तेव्हा आप्पांचा चेहरा खुलला होता. आमचाही ऊस तेव्हा शेतातच उभा होता.

मला या लोकांच्या तयारीचं आजही नवल वाटतं. फाईल बघून आजार ओळखायचा, बोली ऐकून गाव ओळखायचं आणि गावावरून पीक.

चिठ्ठीवर औषधांची चार नावं लिहून तो स्वतः आम्हाला रिक्षाने घेऊन गेला. रिक्षाचे पैसेही त्यानंच दिले. दुकान लहान, भिंतीवर धन्वंतरीचा फोटो, काचेच्या बरण्या, तराजू, मिक्सर. आमच्या आधी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांच्या यजमानांसाठी ही तिसरी खेप. त्यासुद्धा त्यांच्यातल्याच असणार, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

दुकानदारानं भाव लपवले नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण पोलिसांत हाच मुद्दा आला. तो तराजूवर वजन करत तोंडातल्या तोंडात बोलत होता: अर्जुनघन नव्वद, मोती पिष्टी नऊशे, रससिंदूर साडेसहाशे, जहरमोहरा सातशे. मी मनात बेरीज केली, दोन हजार तीनशे चाळीस. महाग आहे, पण आप्पांसाठी आहे, असं म्हणून गप्प राहिलो. तेवढ्यात त्यानं चारही पुड्या मिक्सरमध्ये ओतून फिरवल्या. मग बिल पुढं केलं. अर्जुनघन 150 ग्रॅम, 13,500. पिष्टी 5 ग्रॅम, 4,500. रससिंदूर 10 ग्रॅम, 6,500. जहरमोहरा 5 ग्रॅम, 3,500. एकूण 28,000 रुपये.

मी म्हटलं, एवढं नको, थोडंच द्या. तो म्हणाला, “साहेब, आता ते एकत्र झालं. यातून मोती वेगळा काढून देऊ का?” आवाज चढला नाही, शिवी नाही. मागे दोन पोरं येऊन उभी राहिली, तीही काही बोलली नाहीत. आप्पा म्हणाले, “दे रे, पैशाकडं काय बघतोस.” अकरा हजार रोख, सतरा हजार यूपीआयनं. खिशात होतं ते गेलं आणि खत आणायला खात्यात ठेवलेलं होतं तेही गेलं.

पैशाचं इथवर. यानंतरचं मला सांगायला जड जातंय, पण लिहायचं कारण तेच आहे.

निघताना दुकानदारानं आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की हे औषध आणि दवाखान्यातल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या एकत्र चालत नाहीत. ‘गोळ्या बंद करा’ असं तो म्हणालाच नाही. म्हणाला, “दोन्ही घेतलं तर औषधाचा गुण येत नाही, मग मला बोल लावू नका.” अठ्ठावीस हजारांच्या औषधाचा गुण येऊ नये असं कोणाला वाटेल? आप्पांनी गोळ्या थांबवल्या. आम्हाला सांगितलं नाही. आई सकाळ-संध्याकाळ हातावर गोळ्या ठेवायची, ते त्या सुपारीच्या डबीत टाकायचे.

दहाव्या रात्री छातीत कळ आली, दरदरून घाम. कराडला नेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: “रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?” मी ठामपणे हो म्हणालो. आप्पांनी स्ट्रेचरवरून मान हलवली. नाही म्हणून.

जुन्या स्टेंटमध्येच गुठळी धरली होती. वेळेत पोचलो म्हणून वाचले. डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं: अटॅकनंतर स्टेंट बसवला की ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तसलीच दुसरी गोळी साधारण वर्षभर देतात. धातूच्या जाळीवर आतून शरीराचं नवं अस्तर चढायला वेळ लागतो, तोवर रक्ताला ती जाळी परकी वाटते आणि तिथे ते गोठायला बघतं. या गोळ्या मध्येच एकदम सोडल्या तर जाळी बंद पडू शकते. तुम्हाला दुसरं काही द्यायचं असेल तर आधी मला विचारा, पण ही गोळी माझ्याशिवाय कोणी बंद करायची नाही. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आप्पा घरी आल्यावर ती पुडी घेऊन मी एका वैद्य ताईंकडे गेलो. माझ्या मित्राची बहीण, आयुर्वेदातल्या द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयात एम. डी. त्यांनी पुडी कागदावर पसरली, बोटात चोळली आणि विचारलं, “घन म्हणून दिलं का हे?”

घन म्हणजे काढा आटवून आटवून उरलेला गोळा, तो वाळवून केलेली भुकटी. ती गडद तपकिरी असते, दमट हवेत चिकटते, गोळा धरते. आमची पुडी फिकट गुलाबीसर, रेशेवाली, सुटी. म्हणजे नुसती साल दळलेली. तीही अर्जुनाचीच असेल याची हमी नाही, कारण ऐन नावाचं झाडही त्याच कुळातलं, आणि दळल्यावर कोणती साल कोणाची हे डोळ्यांनी सांगता येत नाही. झाडावर ओळखणं सोपं असतं. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. काष्ठौषधीच्या दुकानात अर्जुनाची साल शंभर ग्रॅमला तीस-चाळीस रुपयांना मिळते, असं त्या म्हणाल्या. मी नंतर मंडईजवळ जाऊन विचारलं. पस्तीस.

“मोती त्यात असेल-नसेल, शिंपलाही दळलेला असू शकतो. पण रससिंदूर खरंच घातलं असेल तर मला त्याची जास्त भीती वाटते,” ताई म्हणाल्या. रससिंदूर पारा आणि गंधक यांपासून बनतं. ते नीट सिद्ध केलेलं असावं लागतं, मात्रा अगदी थोडी, गुंजेच्या हिशेबात, आणि वैद्याच्या नजरेखाली. इथे तर दहा ग्रॅम भुग्यात मिसळून ‘रोज दोन चमचे’ सांगितलं होतं. त्यांनी आप्पांच्या मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करायला लावल्या. ठीक निघाल्या. दहाच दिवस घेतलं म्हणून, असं त्या म्हणाल्या.

मग मी घाबरत घाबरत विचारलं, साल तरी चांगली ना? आजी द्यायची.

ताईंनी जे सांगितलं ते मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा पटलं. म्हणाल्या, अर्जुन हृदयासाठी वापरायची परंपरा जुनी आहे आणि मी स्वतःही रुग्ण बघून ती देते. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, दूध उरेपर्यंत आटवायचं, हा क्षीरपाक. पण दिल्लीच्या एम्समध्ये हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या 100 रुग्णांवर अभ्यास झाला, 2016 मध्ये छापून आला. चालू गोळ्यांच्या जोडीला काहींना सालीचा अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. बारा आठवड्यांनी पंपिंगच्या आकड्यात अर्कामुळे सुधारणा दिसली नाही. त्याआधीच्या छोट्या अभ्यासांत बरे निकाल होते. “म्हणून मी कोणाला सांगत नाही की सालीनं पंपिंग वाढेल, आणि गोळ्या सोडा असं तर कधीच नाही. शिवाय बीपीच्या गोळ्या चालू असताना सालीनं बीपी आणखी खाली जाऊ शकतं, चक्कर येते. मधुमेह असेल तर अर्जुनारिष्टात गूळ असतो, तेही बघावं लागतं.”

आप्पांना बीपीच्या दोन गोळ्या आहेत. दुकानात कोणी विचारलं नव्हतं.

तक्रारीचं सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं तिथं सगळं सुटतं. चौकीत हवालदार म्हणाले, भाव सांगितला होता, तुम्ही स्वखुशीनं पैसे दिले, जबरदस्ती कुठे? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे हे मी वाचून गेलो होतो. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली. यूपीआयवर दुकानाचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. बिल म्हणजे वहीतलं कोरं पान, त्यावर आकडे. दुकानाचा शिक्का नाही, वैद्याचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. आम्ही पुन्हा गेलो तर शटर बंद, आणि शेजारचा चहावाला म्हणाला, कधी उघडतात, कधी नाही.

अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एक गोष्ट कळली, ती मला अजिबात ठाऊक नव्हती. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, पण नुसतं विकायला ॲलोपॅथीच्या मेडिकलसारखा विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे ‘दुकानाचं लायसन्स दाखवा’ असं म्हणून काही उपयोग नाही. डब्याचं बघायचं: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, तारीख. आमच्यासमोर मिक्सरमध्ये फिरवलेल्या पुडीवर यातलं काय असणार? हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या जादूटोणा-छाप औषधांच्या कायद्यानं मनाई आहे (कायद्याचं नाव लांबलचक आहे, मी आपलं असं म्हणतो). पण फाटकावर कानात सांगितलेल्या गोष्टीची जाहिरात कशी सिद्ध करणार? ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत. येतील असं मला वाटतही नाही.

पुन्हा असा प्रसंग आला तर मी एवढंच करीन: वजन करायच्या आधी विचारीन, एकूण किती होणार, आणि ते कागदावर लिहून घेईन. मिक्सरचं बटण दाबायच्या आधी. कोणीही चालू गोळीबद्दल अवाक्षर काढलं, आडून का होईना, तर तिथूनच उठीन. आणि पेशंटबरोबर जाल तेव्हा त्याला एकट्याला बाजूला घेऊ देऊ नका. त्यांनी आप्पांना बाजूला घेतलं ते मी यूपीआयचा पिन टाकत असताना.

आईनं आता सुपारीची डबी काढून घेतली आहे. गोळी गिळल्यावर आप्पांना जीभ दाखवावी लागते, त्यावरून रोज भांडण.

परवा परत तपासणीला गेलो होतो. त्याच फाटकाशी उभे होतो. माणूस दुसरा, वय कमी, पण हातात हेल्मेट. “काका, स्टेंट का बायपास?”

मी पुढं सरकलो, आप्पांनी हातानं मागं सारलं. फाईल काखेत धरून त्याच्याकडे नीट बघितलं.

“ते ऱ्हाऊ दे. तुज्या वडलांच्या उसाला तोड आली का?”