लिथॉप्स पुण्यात जगतात का? १५ महिन्यांचा अनुभव

जगतात. पण त्यांना पावसाळ्यापासून लांब ठेवायला लागतं आणि इंटरनेटवरचं पाण्याचं वेळापत्रक सरळ बाजूला सारावं लागतं. हे कळेपर्यंत माझ्या ७ रोपांपैकी ३ गेली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हल्ली प्रदर्शनांत, नर्सरीत, ऑनलाइन सगळीकडे ही दगडासारखी रोपं मिळतात आणि विकणारा "पंधरा दिवसांनी एकदा पाणी घाला" एवढं सांगून मोकळा होतो. त्या एका सूचनेनं किती रोपं मरत असतील!

आमचं घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी आग्नेयेला, त्यामुळे सकाळी साडेसात ते साडेबारापर्यंत चांगलं ऊन येतं. माझ्याकडे आधी कोरफड, जेड, हावर्थिया वगैरे होतं, म्हणजे अगदी नवखी नव्हते. दसऱ्यानंतर एका ऑनलाइन नर्सरीतून ७ लिथॉप्स मागवले, प्रत्येकी १८० ते ३५० रुपये. जाती अशा: दोन लेस्लेई, दोन कॅरॅसमोन्टाना, एक ऑकँपी, एक जुली आणि एक ऑप्टिकाची लाल जात. कुरिअरच्या खोक्यातून कागदात गुंडाळलेले सुपारीएवढे गोळे निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे खडे कशाला मागवलेस?"

त्यांची चूक नव्हती. १८११ मध्ये विल्यम बर्चेल हा वनस्पतींचा अभ्यासक दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळ फिरत होता. जरा वेगळ्या आकाराचा खडा दिसला म्हणून त्यानं उचलला, तर ते झाड निघालं. पुढे १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउन यांनी या झाडांची लिथॉप्स ही स्वतंत्र प्रजाती केली. ग्रीकमध्ये लिथोस म्हणजे दगड आणि ऑप्स म्हणजे चेहरा. मूळ घर दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. आजूबाजूच्या खड्यांसारखाच रंग आणि तशीच नक्षी, म्हणून चरणाऱ्या जनावरांच्या नजरेतून सुटायचं.

झाड म्हणजे काय, तर एकमेकांना चिकटलेली दोन जाड पानं, मध्ये एक चीर, आणि खाली मूळ. खोड जवळजवळ नाहीच. पानांचा वरचा भाग बऱ्याच जातींत अर्धपारदर्शक असतो, त्याला खिडकी म्हणतात. मूळ ठिकाणी झाडाचा बराचसा भाग जमिनीत असतो आणि ऊन त्या खिडकीतून आत शिरून खाली पोचतं. हे मी वाचलं होतं, पण प्रत्यक्ष पाहिलं ते एका खारीमुळे. मे महिन्यात एका कॅरॅसमोन्टानाचा पाव भाग तिनं कुरतडून नेला. आतून तो थेट ताडगोळा! स्वच्छ, पाणीदार गर आणि कडेनं आतल्या बाजूला हिरवा अस्तर लावल्यासारखा थर. म्हणजे हिरवेपणा बाहेर नाही, आत, भिंतीला. मी दहा मिनिटं भिंग घेऊन बघत बसले होते. जखम मी तशीच उघडी ठेवली, चार-पाच दिवसांत वर कोरडी खपली धरली. त्या दिवसापासून कुंड्यांवर जाळी आहे.

आता मातीचं. इथे पहिलं रोप गेलं. सातही रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, आली होती आणि मला वाटलं, आत्ताच प्रवास झालाय, महिनाभर तशीच राहू देत. कोकोपीट वरून खडखडीत दिसतं आणि बोटभर खाली ओलं असतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लाल ऑप्टिका उचलून पाहिली तर बुडाशी तपकिरी लगदा झाला होता. सगळ्यांत महाग रोप तेच होतं. नर्सरीला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

उरलेल्या सहांची मुळं मी त्याच दिवशी मोकळी केली. सुकं कोकोपीट मुळांतून निघता निघत नाही. शेवटी जुना टूथब्रश आणि चिमटा घेऊन तास-दीड तास बसले, दोन दिवस रोपं सावलीत वाळू दिली आणि मग लावली. पुण्यात परदेशी प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) शोधत बसायची गरज नाही, आपली बांधकामाची कच, म्हणजे फोडलेल्या दगडाची बारीक खडी, उत्तम चालते. फक्त ती दोनदा चाळायची. पिठासारखी भुकटी काढून टाकायची, मोठे खडे बाजूला करायचे आणि ज्वारीच्या दाण्याएवढी कच तेवढी ठेवायची. नंतर बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. मी सात-आठ वेळा धुतली, कारण भुकटी राहिली तर ती पुढे सिमेंटसारखी बसते. ७ भाग कच, २ भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि १ भाग चाळलेलं पानांचं खत, बास. कुंडी पसरट नको, खोल हवी, निदान ४ इंच, कारण मूळ सरळ खाली जातं. वर पुन्हा अर्धा इंच नुसती कच.

पहिल्या हिवाळ्यातली दुसरी चूक जास्त शिकवून गेली. जानेवारी-फेब्रुवारीत पानं सुरकुततात, मऊ पडतात, चीर रुंदावते. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं तहानलंय. खरं तर आत नवीन जोडी तयार होत असते आणि ती जुन्या पानांतलं पाणी ओढून घेत असते. जुनी पानं हळूहळू पातळ होत जातात आणि शेवटी लसणीच्या सालीसारखा कागद उरतो. या काळात वरून पाणी दिलं की जुनी पानं रिकामी व्हायची थांबतात आणि नव्या जोडीला घट्ट धरून बसतात. मी तीन दिवस चिपळूणला लग्नाला गेले होते तेव्हा सासूबाईंनी मायेनं सगळ्यांना वाटी-वाटी पाणी घातलं. पाच रोपं सावरली, पण जुलीचे दोन मजले झाले, खाली जुनी जोडी टम्म आणि वर नवी.

त्यांना मी रागावले नाही. कुंडी हातात देऊन चिरेतून डोकावणारी नवी पानं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जुन्याचं सगळं नव्याला जातं. मग वरून द्यायचं कशाला?" तेव्हापासून घरात लिथॉप्सची राखण त्यांच्याकडे आहे. कामाला येणाऱ्या मावशींनाही त्या कुंड्यांपाशी झारी नेऊ देत नाहीत.

आता मूळ मुद्दा, पाण्याचं वेळापत्रक. लिथॉप्सबद्दलची पुष्कळशी माहिती इंग्लंड-युरोपात राहणाऱ्यांनी लिहिलेली आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात पूर्ण कोरडं आणि मेच्या सुमारापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाणी असा हिशोब असतो, तो त्यांच्या हवेला धरून बरोबरच आहे. पण पुण्यात जून ते सप्टेंबर म्हणजे ढगाळ आकाश, दमट हवा आणि दिवसेंदिवस न वाळणाऱ्या कुंड्या. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि लिथॉप्सच्या कित्येक जातींच्या मूळ जागी २०० मिलिमीटरही पडत नाही. तरी माझ्या मते आकड्यापेक्षा दमटपणाच घातक आहे. एकदा भिजून दुसऱ्या दिवशी खणखणीत ऊन पडलं तर काही बिघडत नाही. भिजून आठ दिवस ऊनच पडलं नाही तर बुरशी आलीच.

माझ्याकडे तसंच झालं. मे अखेर गॅलरीवर पॉलिकार्बोनेटची शीट लावून घेतली आणि मी निर्धास्त झाले. जुलैत एका रात्री वारा उलटा फिरला, पावसाची झड आत आली आणि सकाळी पुढच्या ओळीतल्या तिन्ही कुंड्या चिंब. पुढे नऊ दिवस ऊन नाही. दोन मजली जुली आधी गेला, अंगात पाणी जास्तच होतं त्याच्या. संध्याकाळी ठणठणीत होता, सकाळी कडेनं काचेसारखा दिसत होता, बोट लावलं तर फुटला. चार दिवसांनी एक कॅरॅसमोन्टाना. तिसरी कुंडी लेस्लेईची होती. ते मी उपटून, कच झटकून, घरात टेबलफॅनसमोर कागदावर पाच दिवस उघडं ठेवलं. जगलं. झाड कुंडीबाहेर ठेवायला भीती वाटते, पण पावसाळ्यात लिथॉप्स कुंडीबाहेर जास्त सुरक्षित आहे हे मी आता खात्रीनं सांगते.

याच पावसाळ्यात आपली शिंदळ माकुडी, शिवनेरीवरचं शिवसुमन, पानांनी भरून येते आणि उन्हाळ्यात पानं गाळून टाकते. तीही मांसल, तीही कोरड्या कड्यावरची, पण तिचं घड्याळ आपल्या पावसाला लावलेलं आहे. लिथॉप्सचं नाही. त्याला आपणच आडोसा द्यायचा.

आमच्या गॅलरीत जमलेला हिशोब असा. जुनी पानं पूर्ण कागद झाली की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, एक किंवा दोन वेळा भरपूर पाणी, कुंडीच्या खालून निथळेपर्यंत. मेमध्ये अकरानंतर ग्रीननेट. अगदीच आकसलं तर संध्याकाळी कडेनं दोन चमचे पाणी. जूनपासून सप्टेंबर मध्यापर्यंत बंद. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की पुन्हा सुरू, दहा-बारा दिवसांनी एकदा, नोव्हेंबर अखेरपर्यंत. डिसेंबरपासून बंद. वहीत नोंद ठेवली आहे: पंधरा महिन्यांत एकूण १३ वेळा. तारखेपेक्षा बोटावर जास्त विश्वास ठेवा. कडेनं हलकं दाबून बघायचं, टणक असेल तर तहान नाही. ऑक्टोबरमध्ये मऊ लागलं तर संध्याकाळी पाणी द्या, एक-दोन दिवसांत सुरकुती भरून येते. फेब्रुवारीत तेच मऊपण दिसलं तर हात आवरा.

ऊन कमी पडलं की रोप उंच, लांबट होतं आणि वरची नक्षी फिकी पडते. उत्तरेच्या गॅलरीत किंवा ऑफिसच्या टेबलावर ठेवणार असाल तर घेऊ नका, हे मी मैत्रिणींनाही स्पष्ट सांगते. किडीचा त्रास फार नाही. चिरेत एकदा पिठ्या ढेकूण सापडला, कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन काढला. निळ्या-जांभळ्या लिथॉप्सचे फोटो दाखवून विकलेलं बी मात्र घेऊ नका. मी १९९ रुपयांचं पाकीट मागवलं होतं, त्यातून राजगिऱ्यासारखं काहीतरी उगवलं. निळा लिथॉप्स नसतो. रोप घेताना जातीचं नाव विचारा. काही विक्रेते लेबलवर 'सी' आणि पुढे आकडा देतात, तो कोल नंबर. डेस्मंड कोल आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी सुमारे ४०० ठिकाणच्या रानातल्या लिथॉप्सची नोंद करून त्यांना क्रमांक दिले, त्यातला तो. असं लेबल लावणारा माणूस निदान काय विकतोय ते जाणून असतो.

आणि फूल. लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी मोठ्या लेस्लेईच्या चिरेत काहीतरी टोकदार दिसलं. मला वाटलं नवी पानं अवेळी आली. चार दिवसांत कळी वर आली आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी, करंज्या तळता तळता सासूबाईंनीच हाक मारली. तीन वाजले होते. पाकळ्या केसरासारख्या बारीक, पिवळ्याधमक, डझनावारी, आणि फूल झाडापेक्षा मोठं, खालचा दगड पूर्ण झाकलेला. सहाच्या सुमारास मिटलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा उघडलं. असं सहा दिवस. अख्खा पावसाळा मी त्याला वाचवत होते, त्यामुळे डोळे भरून आले हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

बी मात्र धरलं नाही. बहुतेक लिथॉप्सना स्वतःचा पराग चालत नाही, दुसरं झाड त्याच वेळी फुललेलं लागतं, आणि माझं दुसरं लेस्लेई जुलैच्या धक्क्यातून तेव्हा सावरतच होतं. नंतर सहकारनगरच्या एका काकांकडे बोंड बघायला मिळालं. मसुरीएवढं, सुकलेलं, घट्ट मिटलेलं. काकांनी ड्रॉपरनं त्यावर एक थेंब सोडला आणि म्हणाले, "आता बघ." मिनिटभरात झाकणं चांदणीसारखी बाहेर उलगडली आणि आत कप्प्याकप्प्यांत भुकटीसारखं बी. रानात पावसाचे थेंब आपटून ते उडतं आणि बोंड सुकलं की उरलेल्यावर पुन्हा मिटतं. काकांनी त्यातलं थोडं बी कागदाच्या पुडीत घालून दिलं आहे. पेरल्यापासून फुलापर्यंत साधारण तीन वर्षं लागतात. फेब्रुवारी अखेर, उकाडा सुरू व्हायच्या आत, पेरणार आहे.

आज उरलेली ४ अशी आहेत: ऑकँपी तपकिरी आणि दणकट, याला कधीच काही झालं नाही, नवख्यानं सुरुवात यानं किंवा लेस्लेईनं करावी. मोठ्या लेस्लेईच्या चिरेत या वेळी एका जोडीऐवजी दोन जोड्या दिसताहेत. धाकटं लेस्लेई अजून टणक आहे, त्याची पानं उशिरा बदलणार. आणि खारीनं खाल्लेलं कॅरॅसमोन्टाना, त्याचं ते खपली धरलेलं पान आता पार सुरकुतलंय आणि चिरेतून नवी जोडी डोकावते आहे. काल सकाळी भिंगातून पाहिली, फिकी राखाडी, दोन्ही पानं अख्खी, कुठेही ओरखडा नाही.