पाण्यात उतरण्याआधीची पारख: एका स्कुबा केंद्राच्या सेवेविषयी

स्कुबा डायव्हिंगच्या केंद्रांविषयीचे अभिप्राय बहुधा मासे किती दिसले, पाणी किती नितळ होते आणि कर्मचारी किती हसतमुख होते एवढ्यावरच आटोपतात. या केंद्राचे मासे आणि हसू दोन्ही उत्तम आहेत. परंतु या खेळात माणसे दगावतात, म्हणून आयोजक आपले काम कसे करतो, हे पाहणे मला अधिक गरजेचे वाटते.

पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ स्कुबा-मृत्यूंचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध केले. दुर्घटनेची पहिली कडी ज्या प्रकरणांत सापडली, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ती हवा अपुरी पडणे ही होती. कोठेतरी अडकणे आणि उपकरणांची अडचण ही कारणे त्याखालोखाल होती. हवा कशी संपते, हे साध्या हिशेबाने कळते. दर दहा मीटर खोलीला दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका वाढतो, त्यामुळे तीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा चौपट हवा लागते, आणि घाबरलेला माणूस त्याहूनही भराभर श्वास घेतो. या केंद्राच्या डाइव्हमास्टरने, म्हणजे गटाला पाण्याखाली नेणाऱ्या वाटाड्याने, प्रत्येकाला टाकीतील हवा दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा हाताच्या खुणेने विचारला, ज्याची हवा सर्वांत आधी कमी झाली त्याच्या मानाने साऱ्या गटाला मागे वळवले आणि बोटीवर परतताना प्रत्येकाच्या टाकीत किमान ५० बार (दाबाचे एकक) हवा उरेल असे पाहिले. या बाबतीत त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

आरोग्याच्या अर्जाबाबत मात्र मी तितक्याच ठामपणे नापसंती नोंदवतो. त्याच अभ्यासात बुडण्याआधी माणसाला निकामी करणाऱ्या कारणांमध्ये श्वास कोंडणे ३३ टक्के, फुगलेल्या फुप्फुसातून रक्तात हवेचे बुडबुडे शिरणे २९ टक्के आणि हृदयविकार २६ टक्के होता. म्हणजे हृदयविकारासारखे मृत्यूचे एक मोठे कारण कोणी पाण्यात उतरण्याआधी, एका प्रश्नावलीवरून ओळखता येण्याजोगे असते. या केंद्राने ती प्रश्नावली बोट निघाल्यावर हातात दिली आणि सोबत 'सगळीकडे नाही लिहा, औपचारिकता आहे' असा सल्लाही दिला. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचा उल्लेख केला, तेव्हा त्यांनाही तेच उत्तर मिळाले. एखाद्या प्रश्नाला 'होय' म्हटल्यास डॉक्टरांची लेखी संमती लागू शकते. पैसे भरून, बोटीत बसून, किनारा मागे पडल्यावर ती कोण आणणार? हा अर्ज नोंदणीच्या वेळीच द्यायला हवा. त्याच्याबरोबर सही करून घेतलेल्या दायित्वमुक्तीच्या पत्रकाला मात्र त्यांनी कोठेही औपचारिकता म्हटले नाही, हेही नमूद करतो.

पाण्यात उतरण्यापूर्वीच्या सूचना नेमक्या होत्या. श्वास रोखून वर येऊ नये, हा नियम त्यांनी सांगितला आणि त्यामागचे कारणही दिले: जेमतेम एक-दीड मीटर वर येतानाही रोखलेला श्वास फुप्फुसाला इजा करू शकतो. पाण्याखाली राहता यावे म्हणून कमरेला बांधलेला वजनपट्टा कसा सोडायचा, हे प्रत्येकाकडून स्वतःच्या आणि जोडीदाराच्या पट्ट्यावर करून घेतले. अडचणीत आलेला पाणबुडा पट्टा सोडायचे विसरतो, ही गोष्ट अपघातांच्या अहवालांत वारंवार आढळते, म्हणून या काही मिनिटांच्या सरावाचे मोल मोठे आहे. नवख्यांसाठी प्रत्येकी दोघांमागे एक प्रशिक्षक होता.

बोटीवर परतल्यावर नाव घेऊन हजेरी झाली. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक जोडपे पाण्यातच राहिले, ते बोटीवर नाही हे दोन दिवसांनी लक्षात आले आणि ते कधीच सापडले नाही. तेव्हापासून हजेरीकडे क्षुल्लक बाब म्हणून पाहणारा आयोजक माझ्या दृष्टीने बाद ठरतो. मात्र बोटीतून बाहेर पडण्याचे मार्ग आणि जीवरक्षक जाकिटांची जागा कोणी दाखवली नाही, ती मला विचारावी लागली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डाइव्ह-बोटीवर रात्री आग लागली तेव्हा ३४ जण मेले, आणि ते सारे पाण्याखाली नव्हे, तर बोटीच्या पोटातील झोपायच्या जागेत होते. रात्री फिरती गस्त नव्हती, ही त्या चौकशीतील मुख्य त्रुटी होती. दिवसाच्या सहलीलाही बोटीची माहिती देणे अवघड नाही.

आणीबाणीसाठीचा ऑक्सिजनचा संच मी उघडून पाहिला: टाकी भरलेली होती, मुखवटा जागेवर होता आणि झाकणावर जवळच्या रिकंप्रेशन चेंबरचा (रक्तातील बुडबुड्यांवर दाब वाढवून उपचार करणाऱ्या कक्षाचा) फोन क्रमांक चिकटवलेला होता. टाक्यांतील हवेच्या तपासणीचा अहवाल मात्र मिळाला नाही. 'आमच्या हवेला कधीच वास येत नाही' असे सांगण्यात आले. कंप्रेसरमधून शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडलाही वास नसतो, तेव्हा हे उत्तर निरुपयोगी आहे.

दुसरी डाइव्ह प्रवाह वाढल्यामुळे केंद्राने स्वतःहून रद्द केली. काही ग्राहक चिडले, तरी मालकाने निर्णय बदलला नाही आणि त्या डाइव्हचे पैसे परत केले. ही एक गोष्ट लक्षात घेऊन मी प्रशिक्षित पाणबुड्यांना या केंद्राची शिफारस करतो, मात्र त्यांनी हवेचा अहवाल आधी मागावा. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा कोणतेही औषध नियमित घेणाऱ्यांनी, आरोग्याचा अर्ज नोंदणीच्या दिवशीच मागून घ्यावा आणि तो देण्यास टाळाटाळ झाली तर दुसरे केंद्र पाहावे.